एकच साइट, चार ॲप्स: कॉमन कोड नेमका ठेवायचा कुठे?

एका पतसंस्थेच्या साइटचं काम बरीच वर्षं आमच्याकडे होतं. तिथे ठेवीच्या पावतीवर ऐंशी हजारांची अक्षरी रक्कम छापताना 'ऐंशी'च्या जागी आधी ए, मग ठिपक्यांचं एक गोल आणि त्यावर मात्रा असं काहीतरी भूत उमटायचं. कारण फुसकं होतं, कोणीतरी कोडमध्ये 'ऐ' हे सरळ एक अक्षर टाइप न करता ए लिहून त्याच्यावर वेगळी मात्रा ठोकली होती, स्क्रीनवर दोन्ही सारखंच दिसतं पण पीडीएफमध्ये फॉन्ट रुसतो. मी दुरुस्त केलं, पाठ थोपटून घेतली. दोन आठवड्यांनी कर्जाच्या विभागातून फोन, "साहेब, ते गोल परत आलंय." मग कळलं की रक्कम अक्षरी करणारं ते फंक्शन साइटवरच्या चार ॲप्समध्ये चार ठिकाणी चिकटवलेलं आहे आणि मी फक्त एकच दुरुस्त केलंय.

हा लेख त्या चार कॉप्यांची एक कॉपी कशी करायची याबद्दल आहे. नवीन नोकरी लागली, हातात एएसपी डॉट नेटची (मायक्रोसॉफ्टच्या वेब फ्रेमवर्कची) जुनी साइट आली, डॉट नेट फ्रेमवर्क ४ पॉइंट काहीतरी, खाली आयआयएस (मायक्रोसॉफ्टचा वेब सर्व्हर), आणि एका साइटच्या पोटात तीन-चार ॲप्लिकेशन्स, अशी ज्यांची गत आहे त्यांच्यासाठी. अशा साइट्स आपल्याकडे पतसंस्था, कॉलेजं, साखर कारखाने, नगरपालिका सगळीकडे आहेत आणि त्या इतक्यात कुठे जात नाहीत.

पायरी १: आधी चाळ समजून घ्या

आयआयएसमधली साइट म्हणजे चाळ समजा. गेट एक, पत्ता एक, पण आत बिऱ्हाडं वेगळी आणि प्रत्येकाची चूल वेगळी. साइटच्या मुळाशी एक ॲप असतं, त्याला आपण रूट म्हणू, आणि त्याच्याखाली स्लॅश कर्ज, स्लॅश कर्मचारी, स्लॅश रिपोर्ट अशी बाकीची. ब्राउझरला वाटतं हे सगळं एकच घर. सर्व्हरला तसं वाटत नाही.

प्रत्येक ॲप्लिकेशनचं स्वतःचं ॲपडोमेन असतं, म्हणजे स्वतःचं बिन फोल्डर (कंपाइल झालेल्या कोडच्या डीएलएल फाइल्स यात असतात), स्वतःचं सेशन (साइट वापरणाऱ्या माणसाची तात्पुरती माहिती), स्वतःचे स्टॅटिक व्हेरिएबल्स. दोन ॲप्स एकाच ॲप्लिकेशन पूलमध्ये (ज्याच्या प्रोसेसमध्ये सर्व्हर ॲप्स चालवतो) टाकली तरी प्रोसेस एक होते पण ॲपडोमेन वेगळेच राहतात, त्यामुळे "एकाच पूलमध्ये टाकू म्हणजे स्टॅटिक शेअर होईल" हा जुगाड चालत नाही, मी करून बघितलाय. सेशनची गंमत अजून वेगळी. सेशनची कुकी साइटच्या मुळाच्या पाथवर बसते त्यामुळे चारही ॲप्सना सेशन आयडी तोच दिसतो, आणि नवीन माणूस म्हणतो आयडी सेम आहे मग डेटा का रिकामा? कारण चावी एक असली तरी कपाटं चार आहेत.

आयआयएस मॅनेजर उघडून डावीकडच्या झाडात बघा. ॲप्लिकेशनचा आयकॉन वेगळा असतो, व्हर्च्युअल डिरेक्टरीच्या (डिस्कवरच्या दुसऱ्या फोल्डरकडे बोट दाखवणाऱ्या) फोल्डरवर छोटा बाण असतो, साधं फोल्डर साधंच दिसतं. साध्या फोल्डरवर राइट क्लिक केलं तर 'कन्व्हर्ट टू ॲप्लिकेशन' दिसतं, म्हणजे ते अजून ॲप झालेलं नाही. हे तीन प्रकार वेगळे ओळखता आले पाहिजेत, पुढचं सगळं त्याच्यावरच आहे. एक कागद घ्या, साइटचं झाड काढा, प्रत्येक ॲपसमोर पूलचं नाव, फ्रेमवर्कचं व्हर्जन आणि डिस्कवरचा खरा पाथ लिहा. आमच्या त्या साइटवर कर्मचारी ॲप भलत्याच ड्राइव्हवर निघालं होतं आणि त्याचा बॅकअपच घेतला जात नव्हता, ते या कागदामुळे कळलं.

पायरी २: खरंच एकसारखं काय आहे ते शोधा

लगेच व्हिज्युअल स्टुडिओ उघडून नवीन प्रोजेक्ट करायची घाई नको. आधी विनमर्जसारख्या टूलने दोन-दोन ॲप्सची फोल्डर्स शेजारी ठेवून तुलना करा. मग जे सारखं निघेल त्याचे ढीग पाडा.

पहिला ढीग निव्वळ हिशोबाचा: रक्कम अक्षरी करणं, तारखेवरून आर्थिक वर्ष काढणं, पॅन नंबर बरोबर आहे का बघणं (पाच अक्षरं, चार आकडे, एक अक्षर), आयएफएससी तपासणं (अकरा कॅरेक्टर, पहिली चार अक्षरं, पाचवं नेहमी शून्य). हे सोनं आहे, इथूनच सुरुवात करायची. दुसरा ढीग डेटाबेसशी बोलणारा. तिसरा दिसण्याचा: हेडर, फूटर, मास्टर पेज (पानांचा सामाईक साचा), सीएसएस, जावास्क्रिप्ट. चौथा सेटिंग्ज आणि लॉगिनचा. या चारही ढिगांचा रस्ता वेगवेगळा आहे आणि सगळ्यांना एकाच दोरीने बांधायला गेलं की फजिती होते.

आणि एक सांगतो, सारखं दिसतं ते सगळं एक करायचं नसतं. आमच्याकडे ठेवीवरचं व्याज आणि कर्जावरचं व्याज काढणारी दोन फंक्शन्स जवळजवळ अक्षरशः सेम होती. मी उत्साहाने एक केली. पुढच्याच वर्षी कर्जाच्या व्याजाचा नियम बदलला, मग त्या एका फंक्शनला एक पॅरामीटर, मग दुसरा, मग आत इफ-एल्स, मग त्या इफमध्ये अजून एक इफ. शेवटी परत दोन केली. मी आता स्वतःला एकच प्रश्न विचारतो, हा नियम बदलायचा झाला तर दोन्हीकडे एकाच दिवशी, एकाच कारणाने बदलेल का? पॅनचा फॉरमॅट बदलला तर सगळीकडेच बदलेल, तो कॉमन. व्याजाचं तसं नाही.

पायरी ३: ॲप-कोड फोल्डरच्या नादी लागू नका

ऑफिसात कोणी ना कोणी सांगतंच, "अरे रूटच्या ॲप-कोड फोल्डरमध्ये टाक, खाली सगळ्यांना मिळेल." नाही मिळत. ॲप-कोड हे २००५ च्या एएसपी डॉट नेट २ बरोबर आलं, त्यात टाकलेली फाइल सर्व्हर आपोआप कंपाइल करतो, पण ती त्याच ॲपपुरती. रूटच्या बिनमधली डीएलएलसुद्धा खालच्या ॲपला मिळत नाही. शेजाऱ्याच्या फडताळातला डबा आपल्या घरात आपोआप येत नाही तसंच.

पण खालती काय येतं माहितीये? वेब डॉट कॉन्फिग. रूटच्या वेब डॉट कॉन्फिगमधली सेटिंग्ज वारशाने खालच्या प्रत्येक ॲपमध्ये उतरतात. म्हणजे कॉन्फिग उतरतं पण डीएलएल उतरत नाही, आणि नवीन लोकांचे निम्मे एरर या एका विसंगतीतून येतात. रूटमध्ये कोणी लॉगिंगचं एचटीटीपी मॉड्यूल (प्रत्येक रिक्वेस्टला चालणारा कोड) रजिस्टर करतो, त्याची डीएलएल फक्त रूटच्या बिनमध्ये असते, आणि दुसऱ्या दिवशी स्लॅश कर्ज उघडत नाही, असेंब्ली, म्हणजे ती डीएलएल, लोड झाली नाही म्हणून एररचं पिवळं पान. कर्ज ॲपमध्ये तर कोणी हातही लावलेला नसतो! त्यामुळे ज्याला एरर येतो त्याला कारण कधीच आपल्या ॲपमध्ये सापडत नाही.

याचा इलाज म्हणजे रूटच्या कॉन्फिगमधला तो भाग लोकेशन टॅगमध्ये गुंडाळायचा आणि त्या टॅगला 'इनहेरिट इन चाइल्ड ॲप्लिकेशन्स' हा ॲट्रिब्यूट फॉल्स करायचा. कॉन्फिग-सेक्शन्सचा भाग मात्र त्यात गुंडाळता येत नाही, तो बाहेरच ठेवा. आणि कनेक्शन स्ट्रिंग रूटमध्येही असेल आणि खाली त्याच नावाने परत लिहिली तर ती आधीच ॲड झालीये असा एरर येतो, आधी रिमूव्ह लिहून मग ॲड करायची. ॲप-सेटिंग्जचं असं नाही, तिथे खालची किंमत गुपचूप वरच्यावर बसते. गुपचूप हा शब्द लक्षात ठेवा, रात्री अकरा वाजता आठवेल.

पायरी ४: क्लास लायब्ररी बनवा, पण तिला वेबचा वास लागू देऊ नका

आता व्हिज्युअल स्टुडिओत नवीन क्लास लायब्ररी प्रोजेक्ट. टार्गेट काय निवडायचं? सगळी ॲप्स जुन्या फ्रेमवर्कवरच राहणार असतील तर त्यातलं जे सगळ्यात खालचं व्हर्जन आहे तेच, कारण वरच्या व्हर्जनची लायब्ररी खालच्या ॲपला चालत नाही. पुढेमागे एखादं ॲप नवीन डॉट नेटवर न्यायचं डोक्यात असेल तर डॉट नेट स्टँडर्ड २.० घ्या, तीच डीएलएल जुन्या आणि नव्या दोन्हीकडे चालते, फक्त जुनी ॲप्स आधी फ्रेमवर्क ४.७.२ किंवा ४.८ वर आणून ठेवा, त्याच्या आधीच्या व्हर्जन्सवर जास्तीच्या डीएलएलची कटकट होते.

नाव ठेवताना 'युटिल्स' किंवा 'हेल्पर' ठेवू नका. हात जोडून सांगतो. अशा नावाचं प्रोजेक्ट सहा महिन्यांत भंगाराचं गोदाम होतं, ज्याला जागा सापडत नाही ते सगळं तिथे येऊन पडतं. कामाचं नाव द्या, पतसंस्था डॉट हिशोब वगैरे, म्हणजे त्यात ईमेल पाठवायचा कोड टाकताना माणसाला जरा तरी लाज वाटेल.

नियम एकच पण कडक पाळायचा: या लायब्ररीत सिस्टिम डॉट वेबचा रेफरन्स नाही. एचटीटीपी कॉन्टेक्स्ट नाही, सेशन नाही, रिस्पॉन्स डॉट राइट तर नाहीच नाही. लॉगिन केलेल्या माणसाचा आयडी हवाय? मेथडला पॅरामीटर म्हणून द्या. आजची तारीख हवीये? तीही बाहेरून द्या, नाहीतर आर्थिक वर्षाचं फंक्शन तपासायला ३१ मार्चच्या रात्रीपर्यंत जागत बसावं लागेल. कनेक्शन स्ट्रिंग कन्स्ट्रक्टरमधून द्या. इथे बरेच जण एका ठिकाणी अडकतात, लायब्ररीच्या प्रोजेक्टमध्ये ॲप डॉट कॉन्फिग असतं, त्यात सेटिंग लिहितात आणि वाट बघत बसतात. ते कॉन्फिग चालताना कोणी वाचत नाही, लायब्ररी ज्या ॲपच्या आत चालतेय त्या ॲपचंच वेब डॉट कॉन्फिग वाचलं जातं.

पायरी ५: एकच फंक्शन हलवा

सगळा ढीग एकदम हलवू नका. मी अक्षरी रकमेपासून सुरुवात केली, कारण दुखणं तिथेच होतं.

इंग्रजीत एकवीस ते नव्व्याण्णव जोडून बनवता येतात, मराठीत ते नाही. आपल्याकडे एक ते नव्व्याण्णव प्रत्येक आकड्याचा शब्द स्वतंत्र, त्यामुळे ॲरेमध्ये नव्व्याण्णव शब्द लिहावेच लागतात आणि प्रत्येक कॉपीत कोणाचं ना कोणाचं काहीतरी चुकलेलं असतं. चार कॉप्या शेजारी ठेवल्या तेव्हा एकीत एकोणसाठ दोनदा होतं, म्हणजे त्याच्यापुढचं सगळं एकाने सरकलेलं, आणि एकीत शेवटचं 'नव्वाण्णव'. तो ऐंशीचा घोळ तर एकोणऐंशीपासून अठ्ठ्याऐंशीपर्यंत दहाच्या दहा शब्दांत होता. आणि ज्यांना वाटतं की युनिकोड नॉर्मलाइज केलं की हे सुटेल, त्यांनी नाद सोडा, 'ऐ' आणि ए-वर-मात्रा हे युनिकोडच्या दृष्टीने दोन वेगळेच प्रकार आहेत, नॉर्मलायझेशन त्यांना एक करत नाही. हातानेच बदलावं लागतं.

मी आधी टेस्ट लिहिल्या: शून्य, एकोणऐंशी, शंभर, एक लाख, एक कोटी एक, साडेदहा रुपये (पैशांचं काय करतोय ते बघायला), आणि एक उणे रक्कम. चारही जुन्या फंक्शन्सना त्याच टेस्ट लावल्या. चौघांची उत्तरं चार. मग संस्थेच्या अकाउंटंट मॅडमना फोन करून विचारलं की शेवटी 'फक्त' लिहायचं का आणि पैसे शून्य असतील तर काय छापायचं. हा फोन महत्त्वाचा, कारण चारांतली बरोबर कॉपी कोणती हे प्रोग्रॅमरने ठरवायचं नसतं. मग एक फंक्शन लायब्ररीत लिहिलं, सगळ्या टेस्ट हिरव्या झाल्या, आणि मगच ॲप्सना हात लावला.

पायरी ६: ॲप्सना जोडा

चारही ॲप्स एकाच सोल्युशनमध्ये असतील तर काम पाच मिनिटांचं: प्रत्येक ॲपवरून ॲड रेफरन्स, त्यात प्रोजेक्ट निवडा, बिल्ड केलं की डीएलएल प्रत्येकाच्या बिनमध्ये आपोआप जाऊन बसते. हो, चार बिनमध्ये चार प्रती. त्याचं वाईट वाटून घेऊ नका! सोर्स एक आहे ना, मग झालं. प्रती मशीनने केल्या तर चालतात, माणसाने केल्या की वाट लागते.

ॲप्स वेगवेगळ्या रेपोमध्ये, वेगवेगळ्या लोकांकडे असतील तर नगेट (डॉट नेटच्या लायब्ररी वाटायची व्यवस्था) पॅकेज बनवा. त्यासाठी मोठा सर्व्हर लागत नाही, ऑफिसच्या नेटवर्कवरचं एक साधं शेअर्ड फोल्डरसुद्धा नगेटचा सोर्स म्हणून चालतं, व्हिज्युअल स्टुडिओच्या सेटिंगमध्ये त्याचा पाथ टाकायचा. प्रत्येक बदलाला नवीन व्हर्जन नंबर द्यायचा, जुन्या नंबरवर परत पॅकेज चढवायचं नाही, नाहीतर प्रत्येकाच्या मशीनवर जुनंच कॅश झालेलं राहतं आणि "माझ्याकडे चालतंय"चा खेळ सुरू होतो.

डीएलएल ईमेलने पाठवून "ही बिनमध्ये टाक" हा प्रकार नको. आमच्याकडे एका प्रोजेक्टचा रेफरन्स नोकरी सोडून गेलेल्या एका माणसाच्या डेस्कटॉपवरच्या फोल्डरकडे दाखवत होता, फोल्डरचं नाव 'नवीन फायनल २'. बिल्ड होत होतं कारण बिनमध्ये जुनी प्रत पडलेली होती. सोर्स मात्र कोणाकडेच नव्हता.

जीएसी, म्हणजे ग्लोबल असेंब्ली कॅश, याबद्दल कोणीतरी सांगेलच. लायब्ररीला स्ट्राँग नेम (कीने सही केलेलं नाव) द्यायचं, सर्व्हरवर एकदा बसवायची, सगळी ॲप्स तिथूनच घेतात. ऐकायला एकदम भारी. पण त्याला ॲडमिनचा हक्क लागतो, सर्व्हर बदलला की तिथे बसवायचं लोक विसरतात, आणि मुख्य म्हणजे तेच व्हर्जन ठेवून डीएलएल बदलली की बदल चारही ॲप्सना लागतो, तुम्हाला एकाच ॲपवर आधी चाखून बघायचं असलं तरी. मी वापरत नाही. बिनच बरं.

एखाद-दुसरीच फाइल शेअर करायची असेल, एका इनमची किंवा काही कॉन्स्टंट्सची, तर 'ॲड ॲज लिंक'ने तीच सोर्स फाइल दोन प्रोजेक्टमध्ये दाखवता येते. छोट्या कामाला ठीक आहे, पण सीएसएस किंवा पेजेस अशी लिंक केली तर बिल्ड करताना ती फोल्डरमध्ये कॉपी होत नाहीत, त्यामुळे आपल्या मशीनवर ४०४ आणि पब्लिश केल्यावर ठीक असा उलटा अनुभव येतो.

पायरी ७: हेडर-फूटर, मास्टर पेज वगैरे

इथे बहुतेकांचे हात पोळतात. रूटमध्ये हेडरचा युजर कंट्रोल (पानात बसवायचा तयार तुकडा) आहे, खालच्या ॲपमधून रजिस्टर करताना स्लॅशने सुरू होणारा पाथ दिला की एरर येतो, हा व्हर्च्युअल पाथ दुसऱ्या ॲप्लिकेशनचा आहे, परवानगी नाही. मास्टर पेजचंही तेच. हा काही बग नाही, बिऱ्हाडं वेगळी आहेत म्हटलं ना.

मार्ग असा: डिस्कवर एक फोल्डर करा, समजा कॉमन-यूआय, आणि आयआयएसमध्ये प्रत्येक ॲपच्या आत त्याच फोल्डरकडे बोट दाखवणारी व्हर्च्युअल डिरेक्टरी बनवा. ॲप्लिकेशन नाही, व्हर्च्युअल डिरेक्टरी. आता प्रत्येक ॲपला वाटतं की ते फोल्डर आपलंच आहे, आणि फाइल्स मात्र एकाच जागी आहेत. युजर कंट्रोलच्या मागचा कोड एका वेगळ्या लायब्ररीत ठेवायचा आणि कंट्रोलच्या इनहेरिट्समध्ये तिथल्या क्लासचं नाव द्यायचं. या लायब्ररीला सिस्टिम डॉट वेब लागणारच, म्हणूनच ती हिशोबाच्या लायब्ररीपासून वेगळी, दोन्हींची खिचडी करू नका. आणि तुमच्या स्वतःच्या मशीनवर आयआयएस एक्सप्रेसला त्या व्हर्च्युअल डिरेक्टरीबद्दल काहीच माहीत नसतं, सोल्युशनच्या डॉट-व्हीएस फोल्डरमधल्या त्याच्या कॉन्फिगमध्ये ती वेगळी लिहावी लागते, ते टीममधल्या प्रत्येकाला सांगून ठेवा.

नुसतं सीएसएस, जावास्क्रिप्ट, लोगो एवढंच कॉमन असेल तर मात्र यातलं काहीच लागत नाही! त्या फाइल्स ब्राउझर मागतो, आणि ब्राउझरला तुमच्या ॲप्सच्या भिंती दिसत नाहीत. रूटमध्ये ठेवा आणि सगळीकडून स्लॅशने सुरू होणारा पाथ द्या. टिल्डने (~) सुरू होणारा देऊ नका, कारण टिल्ड म्हणजे साइटचं मूळ नव्हे, ज्या ॲपमध्ये तुम्ही आहात त्या ॲपचं मूळ. कर्ज ॲपमध्ये टिल्ड-स्लॅश-लोगो म्हणजे स्लॅश कर्ज स्लॅश लोगो. हा एक टिल्ड मी आजवर किमान दहा नवीन मुलांना समजावलाय आणि अकराव्यांदा स्वतःच चुकलोय.

पायरी ८: एकदाच लॉगिन

रूटमध्ये लॉगिन केलं की स्लॅश कर्जमध्ये परत विचारू नये ही मागणी येतेच. फॉर्म्स ऑथेंटिकेशन (कुकीवर चालणारं लॉगिन) असेल तर कुकीचं नाव सगळीकडे एक, पाथ स्लॅश, आणि मशीन-की (कुकी एन्क्रिप्ट करायची चावी) सगळीकडे एकच स्पष्ट लिहिलेली हवी. आपोआप बनणारी मशीन-की सहसा 'आयसोलेट ॲप्स'सकट येते, म्हणजे प्रत्येक ॲपची वेगळी, मग एकाने बनवलेली कुकी दुसऱ्याला उघडता येत नाही आणि तो माणसाला निमूटपणे लॉगिन पेजवर परत पाठवतो, एररसुद्धा दाखवत नाही. लॉगिनचा पाथही स्लॅशने द्या, टिल्डचं वर सांगितलंच.

की कुठून आणायची? आयआयएस मॅनेजरमध्ये मशीन-कीच्या पानावर ती बनवता येते, तिथेच बनवा. इंटरनेटवरच्या कुठल्या उदाहरणातून कॉपी करू नका. ज्याच्याकडे तुमची की आहे तो खोटा व्ह्यू-स्टेट (पानाची स्थिती ठेवणारं लपलेलं फील्ड) बनवून तुमच्या सर्व्हरवर स्वतःचा कोड चालवू शकतो, आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये मायक्रोसॉफ्टने जाहीरच केलं की अशा उघड्यावर पडलेल्या ३,००० हून जास्त मशीन-की त्यांना सापडल्या आहेत आणि एक हल्ला अशाच कीने झालेला आहे. गिटमध्येही टाकू नका.

यात माझे दोन दिवस गेले ते अशा कारणाने: की सेम, कुकीचं नाव सेम, तरी कर्मचारी ॲप लॉगिन मानायला तयार नाही. शेवटी सापडलं की बाकीच्या ॲप्सच्या एचटीटीपी-रनटाइममध्ये टार्गेट फ्रेमवर्क ४.५ च्या पुढचं होतं आणि त्या एकात ते लिहिलेलंच नव्हतं. ४.५ पासून कुकी एन्क्रिप्ट करायची पद्धत बदलली, त्यामुळे चावी तीच पण कुलूप जुन्या घाटाचं. एक ओळ लिहिली आणि झालं. तुमचे दोन दिवस वाचले तर चहा पाजा.

सेशन मात्र यानंतरही वेगळंच राहतं. लॉगिन कोणाचं आहे एवढंच कुकीतून कळतं, बाकी माहिती प्रत्येक ॲपने डेटाबेसमधून घ्यायची.

पायरी ९: सर्व्हरवर चढवणं

बिनमधली डीएलएल बदलली की ते ॲप आपोआप रिस्टार्ट होतं आणि सेशन मेमरीत असेल तर सगळे बाहेर फेकले जातात. दुपारी बारा वाजता काउंटरवर रांग असताना हे करू नका. संध्याकाळी करा, ॲप-ऑफलाइन नावाची एचटीएम फाइल ॲपच्या मुळात ठेवली की तेवढ्या वेळापुरतं तेच पान दिसतं, काम झालं की काढून टाका. विसरू नका काढायला, हेही अनुभवाने सांगतोय.

चारही ॲप्स एकाच दिवशी अपडेट करायची गरज नाही, आणि बिनमध्ये वेगळ्या प्रती ठेवण्याचा खरा फायदा हाच. मी आधी रिपोर्ट ॲप करतो कारण ते बिघडलं तर कोणाचे पैसे अडकत नाहीत, दोन दिवस बघतो, मग बाकीची. पण त्यासाठी कोणत्या ॲपमध्ये कोणतं व्हर्जन आहे ते कळायला हवं, म्हणून प्रत्येक ॲपमध्ये एक छोटं पान ठेवलंय जे लायब्ररीचं व्हर्जन छापतं, फक्त ॲडमिनला दिसणारं.

आणि चार जण वापरतायत म्हटल्यावर मेथडची सही, म्हणजे तिचं नाव आणि पॅरामीटर्स, वाटेल तशी बदलायची नाही. नवीन पॅरामीटर हवा असेल तर जुनी मेथड तशीच ठेवून शेजारी नवीन लिहा, जुनीवर ऑब्सोलीट (आता वापरू नका असा शिक्का) लावा, सगळे सरकले की मग जुनी काढा. लायब्ररीला बाहेरची पॅकेजेस शक्यतो जोडूच नका. तुमच्या लायब्ररीला न्यूटनसॉफ्टच्या जेसन पॅकेजचं एक व्हर्जन हवं, ॲपला दुसरं, मग बाइंडिंग रिडायरेक्ट (कोणतं व्हर्जन घ्यायचं ते सांगणाऱ्या कॉन्फिगच्या ओळी) लिहीत बसा. हिशोबाच्या लायब्ररीला जेसन कशाला लागतंय?

एखादं ॲप नवीन डॉट नेट कोअरवर नेलं आणि त्याच साइटखाली ठेवायचं असेल तर थोडक्यात: त्याला स्वतंत्र ॲप्लिकेशन पूल द्या, त्यात 'नो मॅनेज्ड कोड' निवडा. इन-प्रोसेस चालणारी दोन कोअर ॲप्स एका पूलमध्ये चालतच नाहीत, ५००.३५ एरर येतो. जुनी मशीन-की तिकडे आपोआप चालत नाही, लॉगिनचं वेगळं बघावं लागतं. डॉट नेट स्टँडर्डची ती हिशोबाची डीएलएल मात्र एक अक्षर न बदलता चालते.

पायरी १०: जुन्या कॉप्या पुसा

नवीन जोडलं की जुनी कॉपी त्याच दिवशी डिलीट करायची. "राहू दे कॉमेंट करून" नको, गिट आहे त्याला. डिलीट केल्यावर बिल्ड मोडलं तर चांगलंच, अजून कोण वापरतंय ते कळतं.

मी चारही डिलीट केल्या, लायब्ररी सोडून बाकी सगळ्या सोर्समध्ये 'एकोण' शोधलं, शून्य रिझल्ट, म्हटलं सुटलो. महिन्याभराने ठेवीच्या प्रमाणपत्रावर परत ते ठिपक्यांचं गोल. पाचवी कॉपी क्रिस्टल रिपोर्टच्या आतल्या फॉर्म्युल्यात होती, ती फाइल बायनरी, त्यामुळे सर्चला दिसलीच नव्हती. आता रक्कम लायब्ररीतच अक्षरी करतो आणि पॅरामीटर म्हणून रिपोर्टला देतो, फॉर्म्युला उडवला. तुमच्या साइटवर रिपोर्ट असतील तर ते आणि डेटाबेसमधल्या स्टोअर्ड प्रोसिजर्स एकेक उघडून बघा, तिथे सर्च पोचत नाही.